दुधीला फुलं येतात, दुधी धरत नाही: वेलांच्या सोबतीला काय लावावं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत तुम्ही दुधी, लाल भोपळा, काकडी आणि दोडका लावला आहे. वेल मांडवभर पसरलेत, फुलांना तोटा नाही, पण बोटाएवढी झालेली फळं पिवळी पडून गळतात. मधमाश्या फारशा दिसत नाहीत. कुठेतरी वाचून तुम्ही प्रत्येक कुंडीत एकेक झेंडू लावलात, टोमॅटोजवळ तुळस लावलीत, तरी फरक पडला नाही. म्हणून आता कशाशेजारी काय लावावं याचा तक्ता तुम्हाला हवा आहे.

तक्ता मी मुद्दाम देत नाही. साताऱ्याजवळ घरामागच्या दोन गुंठ्यांत मी सव्वीस वर्षं भाजी लावते आहे, आणि पहिली चार-पाच वर्षं असे तक्ते भिंतीला चिकटवूनच काम केलं. त्यातले बहुतेक थंड मुलखातल्या बागांसाठी केलेले असतात. त्यातली बोरेज, नॅस्टर्शियम ही परदेशी फुलझाडं आपल्या एप्रिलच्या उन्हात टिकत नाहीत. आणि त्या तक्त्यांत वेळ कुठेच लिहिलेली नसते. तुमच्या मांडवाचं दुखणं मला तरी वेळेचंच दिसतं.

दुधीचं फूल कधी उमलतं ते एकदा बघा. पांढरं, मऊ, थोडं चुरगळलेलं ते फूल संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान उघडतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मान टाकतं. दोडक्याचं पिवळं फूलही संध्याकाळचंच. पडवळाची झालरीची पांढरी फुलं रात्रीची. उलट लाल भोपळा पहाटे उघडतो आणि दहा-साडेदहाला मिटतो. काकडी, कारलं आणि दोडक्याचंच भावंड असलेलं घोसाळंही सकाळचं. म्हणजे तुम्ही सकाळी आठला चहाचा कप घेऊन गच्चीत मधमाश्या शोधता, तेव्हा भोपळ्याची आणि काकडीची पाहणी होते. दुधी-दोडक्याची खरी वेळ आदल्या संध्याकाळीच सुरू झालेली असते. त्यांच्याकडे येतात ते अंधारात उडणारे लांब सोंडेचे पतंग. फूल सकाळपर्यंत टिकलं तर पहाटे थोड्या माश्याही येतात, पण मुख्य भरवसा पतंगांचा.

आता एक प्रश्न. गच्चीत रात्री दिवा जळतो का? पुण्यात बऱ्याच इमारतींना गच्चीवर पांढराशुभ्र एलईडी असतो आणि तो रात्रभर चालू राहतो. स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात रात्री दिव्यांखाली ठेवलेल्या फुलांवर किड्यांच्या भेटी अंधारातल्या फुलांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. तुमचा मांडव दिव्याखाली असेल तर संध्याकाळी सहापासून दिवा बंद ठेवून पंधरा दिवस बघा. फुकटचा उपाय आहे आणि दुधीसाठी कुठल्याही झेंडूपेक्षा जास्त कामाचा आहे.

त्याआधी गळणारं फळ हातात घेऊन नीट बघा, कारण फळ तीन वेगवेगळ्या कारणांनी पिवळं पडतं. फुलामागचा छोटा दुधी टोकाकडून पिवळा पडत, आक्रसत वाळला आणि कापल्यावर आत कोरडा निघाला, तर परागीभवन झालेलं नाही. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आहे, त्यातून डिंकासारखा थेंब आलाय, फळ त्या बाजूला वाकडं होऊन कुजतंय आणि कापल्यावर पांढऱ्या अळ्या निघतात, तर ती फळमाशी. तिथे मधमाश्या वाढवून काहीच होणार नाही. वेलवर्गीय भाज्यांसाठी मिळणारा क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा, सापळा टांगा आणि टोचलेलं प्रत्येक फळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. कुंडीत किंवा कंपोस्टात टाकलंत तर अळ्या मातीत कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच निघते. तिसरी गोष्ट, एका वेलावर दोन-तीन फळं वाढत असताना बाकीची छोटी फळं वेल स्वतःच सोडतो. कुंडीत माती मोजकी असल्यामुळे हे जास्त होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

काकडीची आणखी एक खूण आहे. काकडी धरली, पण देठाकडे जाड आणि टोकाला बारीक झाली, किंवा मध्येच आवळल्यासारखी, कोयत्यासारखी वाकडी आली, तर पराग अपुरे पडलेत. आत जिथे बिया भरतात तिथेच गर फुगतो. काकडीच्या एका मादी फुलाला एक भेट पुरत नाही, आठ-दहा तरी लागतात.

आणि अजून फळं दिसतच नसतील तर फुलांचे देठ बघा. नर फुलाचा देठ नुसता बारीक काडीसारखा असतो, मादी फुलाखाली इवलंसं फळ आधीपासूनच असतं. वेल सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस फक्त नर फुलं काढतो. खूप उष्णता आणि नत्राचा, म्हणजे पाला वाढवणाऱ्या खताचा, मारा झाला की हा नुसत्या नर फुलांचा काळ लांबतो. तुम्ही दर आठवड्याला शेणखताचं पाणी देता असं लिहिलंय. वेलाला फुलं लागल्यावर ते थांबवा. दुधीच्या मुख्य वेलाचा शेंडा तो मांडवावर पोचला की खुडा. बाजूला फुटणाऱ्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

या हंगामापुरतं हातानेच परागीभवन करा. भोपळ्याला सकाळी साडेसहा ते नऊ, दुधीला आणि दोडक्याला संध्याकाळी सात-साडेसातला. ताजं उमललेलं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवून काढून टाकायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर सगळीकडून हलक्या हाताने टेकवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. आपल्याकडे करटोली लावणारे शेतकरी हे वर्षानुवर्षं करतात, कारण करटोलीचे नर वेल आणि मादी वेल वेगळेच असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी दुधीने मान खाली घालून फुगायला सुरुवात केली की धरला समजायचं.

पण रोज संध्याकाळी तुम्ही किती दिवस हे करणार? म्हणून पाहुणे यायला हवेत, आणि ते यायचे तर गच्चीत वर्षभर काहीतरी फुललेलं हवं. दुधी फुलण्याचे सहा आठवडे आणि बाकी साडेदहा महिने काहीच नाही, अशा जागेची आठवण माशी ठेवत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या माश्या कोणत्या, हेही माहीत असलेलं बरं. उंच इमारतींना आणि वडा-पिंपळाला लटकणारी मोठ्या पोळ्याची आग्या. झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहणारी सातेरी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी नाजूक फुलोरी. आणि भिंतीच्या फटीत, मीटरच्या खोक्यात राहणारी, डासाएवढी काळी, डंख नसलेली माशी. फुलोरीचं पोळं बाल्कनीतल्या जास्वंदीवर दिसलं की लोक माणूस बोलावून जाळतात. कृपा करून तसं करू नका. ती चिडखोर नाही, आणि काकडीच्या फुलावर सकाळी तीच सगळ्यात जास्त खपते. सातेरीची पेटी गच्चीत ठेवावी का, असंही तुम्ही विचारलंय. पुण्यातच 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे प्रशिक्षणवर्ग होतात. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे जाऊन पेट्या हाताळणारी माणसं बघून या, मन लागेल. पण चार कुंड्यांतल्या दुधीसाठी पेटी आणू नका. वसाहत सांभाळणं हे वेगळं, जबाबदारीचं काम आहे, आणि आजूबाजूला फुलोरा नसेल तर ती उपाशी राहते.

फुलांमध्ये माझा पहिला भरवसा तुळशीच्या कुळावर आहे. पण आपण मंजिऱ्या आल्या की खुडतो, झाड वाढावं म्हणून. तुमच्या टोमॅटोजवळच्या तुळशीवर एकही मंजिरी तुम्ही राहू दिली नसेल, तर माशीने तिथे कशाला यावं? वृंदावनातली तुळस तुमच्या पद्धतीने राखा, पण दुसरी एक, आणि तिच्या जोडीला सब्ज्याची तीन-चार रोपं, मोकळी फुलू द्या. सब्जा वर्षातले बरेचसे महिने फुलत राहतो, आणि सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या सब्ज्यावर इतक्या माश्या असतात की पाणी घालताना पाइप खाली धरावा लागतो.

झेंडू घेताना कोणता घेतलात? गणपती-दसऱ्यासाठी विकला जाणारा मोठा, गच्च गोंड्याचा झेंडू दिसायला सुंदर असतो, पण पाकळ्यांच्या थरांत पराग आणि मध शोधणं माशीला जमत नाही. मखमल म्हणतात तो बुटका, मध्ये पिवळी चकती उघडी दिसणारा झेंडू घ्या. झिनिया, सूर्यफूल, शेवंती सगळ्यांना हाच नियम लावा: मधला भाग उघडा दिसतो तेच फूल घ्यायचं. कॉसमॉस तर बियांनी आपोआप उगवतो. बोगनवेलीकडून मात्र अपेक्षा ठेवू नका, तिचा रंग माणसांसाठी. जागा असेल तर कठड्यावर अँटिगोनॉनचा गुलाबी वेल चढवा, ज्याला आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. पण त्याचे वेल वेळच्या वेळी छाटा आणि मोकळ्या माळावर पसरू देऊ नका. आणि कुंडीत आपोआप उगवणारी एकदांडी, लांब देठावरचं पांढुरकं-पिवळं फूल, ते उपटू नका. लहान माश्यांना आणि फुलपाखरांना ते फार आवडतं.

आता सोबतीची झाडं. ‘हे त्याला आवडतं’ अशा भाषेत जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं मी वापरून सोडून दिलं आहे. तुळशीने टोमॅटोवरची पांढरी माशी पळते, हे माझ्या वाफ्यात एकदाही घडलं नाही. लसणीच्या वासाने मावा जातो, हेही नाही. पण तीन प्रकारची सोबत खरोखर काम करते, आणि तिची कारणं सांगता येतात.

पहिली सापळ्याची. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू असाच वापरून दाखवला. त्या अळीच्या मादीला अंडी घालायला झेंडूच्या कळ्या टोमॅटोपेक्षा जास्त पसंत पडतात. पण अट वेळेची आहे. 25 दिवसांचं टोमॅटोचं रोप लावतो त्याच दिवशी झेंडूचं रोप 40 दिवसांचं हवं, म्हणजे दोघांचा फुलोरा एकदम येतो. दोन्ही एकाच दिवशी बी टाकून लावले की टोमॅटो फुलतो तेव्हा झेंडू अजून पाल्यातच असतो. बऱ्याच घरांत हेच होतं. कोबीसाठी मोहरीचंही असंच. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी मोहरीकडे ओढली जाते. त्यांच्या शिफारशीत मोहरीची एक ओळ कोबीच्या 15 दिवस आधी आणि दुसरी कोबीनंतर 25 दिवसांनी पेरायची आहे, म्हणजे एक मोहरी संपता संपता दुसरी कोवळी असते. आणि सापळा म्हटला की तो तपासायचा. झेंडूच्या कळ्यांतल्या अळ्या वेचल्या नाहीत तर आपण त्यांना फक्त जेवण वाढलं.

झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले मुळांना लागणारे बारीक कृमी, कमी होतात हेही खरं आहे, पण तो वाफा तीन-चार महिने दाट झेंडूचाच असेल तेव्हा. कुंडीच्या कडेला एक रोप लावून तो परिणाम मिळत नाही. शिवाय मार्चनंतर झेंडूवर लाल कोळी, ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड, फार येतो आणि तिथून वांग्यावर, घेवड्यावर उतरतो. उन्हाळ्यात वांग्याला चिकटून झेंडू ठेवू नका. माझी वांग्याची एक अख्खी ओळ अशी राखाडी होऊन गेली होती.

दुसरी सोबत मित्रकिड्यांना पोसणारी. चवळीवर काळा मावा हमखास येतो. पहिल्या वर्षी जीव घाबरतो. पण त्या माव्यावर ढालकिडे येतात, सिरफिड माश्या येतात (दोघांच्याही अळ्या मावा खातात), अंडी घालतात, आणि त्यांची पिल्लं मग शेजारच्या भेंडीवर, मिरचीवर शिकार करायला निघतात. म्हणूनच कापसाच्या कडेने चवळीची ओळ लावायला सांगतात. ढालकिड्याची अळी ओळखायला शिका: काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. याच कामाला कोथिंबीर, शेपू, बडीशेप. अळ्यांच्या अंगात किंवा अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ज्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्यांची तोंडं आखूड असतात. कोथिंबिरीच्या छत्रीतल्या उथळ फुलांतला मध त्यांना सहज मिळतो. कोथिंबीर फुलावर गेली म्हणून उपटायची सवय सोडा. दर तीन आठवड्यांनी मूठभर धणे पेरा, निम्मी खुडा, निम्मी फुलू द्या.

तिसरी नुसत्या जागेच्या हिशेबाची, आणि ती आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होती. ज्वारीत तुरीच्या ओळी, मक्यावर चढलेला घेवडा, मांडवाखालच्या सावलीत अळू आणि हळद. गच्चीत दुधीच्या मांडवाखाली एप्रिल-मेमध्ये पालक आणि कोथिंबीर तगते, उघड्यावर जळते. यात जादू नाही, सावली आहे.

टोमॅटो, वांगी, मिरची यांचा प्रश्न वेगळा. ती फुलं आपली आपण फळू शकतात, पण टोमॅटो-वांग्याचा पराग मिठाच्या डबीतल्या मिठासारखा बारीक भोकांतून बाहेर पडतो. आग्या, सातेरीला तो काढता येत नाही. त्यासाठी फुलाला लटकून अंग थरथरवणारी माशी लागते: मोठा काळा भुंगा, किंवा पोटावर निळसर पट्टे असलेली, फुलासमोर हवेत थांबणारी गुबगुबीत माशी. त्या वेळी येणारा आवाज ऐकलात की विसरणार नाही. त्या येईपर्यंत सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या घोसामागे बोटाने टिचक्या मारा. वांग्याची ज्या फुलांत मधली काडी आखूड राहते ती फुलं गळणारच, त्यांचं दुःख करू नका. आणि वांग्याचा शेंडा वाळला तर तो शेंडा पोखरणाऱ्या अळीचा प्रताप. तिथे कोणतीही सोबत उपयोगी पडत नाही. शेंडा दोन बोटं खालून कापून अळीसकट नष्ट करायचा, रोज.

भुंग्याला घर वाळक्या लाकडात किंवा बांबूत लागतं. बांबूचे वीतभर तुकडे कापा, एका टोकाला पेर बंद राहील असे. काही अंगठ्याएवढ्या भोकाचे, काही पेन्सिलीएवढे. जुडी बांधून पावसाचं पाणी लागणार नाही अशी पूर्वेला तोंड करून टांगा. निळ्या पट्ट्यांच्या माश्या मातीत बिळं करतात. पूर्वी घरांना मातीच्या भिंती होत्या, आता सगळीकडे फरशी. एक जुनी कुंडी नुसत्या कोरड्या, चेपलेल्या मातीची भरून आडोशाला ठेवा. गुलाबाच्या पानांना अर्धगोल कात्रीने कापल्यासारखं दिसलं तर औषध मारू नका, ती पानं कापणारी माशी आपल्या पिल्लांची खोली सजवते आहे. आणि कोपऱ्यातलं कुंभारणीचं मातीचं घर पाडू नका. ती त्यात पिल्लांसाठी अळ्याच भरून ठेवते, तुमच्याच भाजीवरच्या.

पाण्यासाठी मातीची उथळ थाळी, त्यात पाण्याबाहेर डोकं काढणारे खडे. माशीला पोहता येत नाही. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

औषधांबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी वांग्यावर तुडतुडे आले म्हणून दुकानदाराने दिलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मी मुळाशी ओतलं. तुडतुडे गेले. लिंबाच्या फांदीला फुलोरीचं पोळं होतं, ते आठवड्यात रिकामं झालं, आणि त्या हंगामात काकडी जवळपास आलीच नाही. नंतर वाचलं की हे औषध झाडाच्या रसात शिरून मधात आणि परागात उतरतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये या कुळातली तीन औषधं उघड्यावर वापरायला बंद केली, ती मधमाश्यांमुळेच. तुमच्याकडे ती बाटली असेल तर भाजीच्या बागेत ती आणूच नका. रोपवाटिकेतून आणलेल्या फुलझाडांना आधी काय मारलंय ते विचारा, आणि सांगता येत नसेल तर बियांपासून लावा.

निंबोळी अर्क, पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळलेला, मी वापरते. पण तोही फुलांवर नाही. साबणाचं पाणी तर अंगावर पडलं की मित्र-शत्रू दोघांनाही मारतं. ‘संध्याकाळी फवारा’ हा सल्ला सगळे देतात आणि भोपळ्या-काकडीसाठी तो बरोबरच आहे. दुधी-दोडक्याच्या मांडवात मात्र फुलं संध्याकाळीच उघडतात. तिथे दुपारी चारच्या सुमाराला, ऊन उतरल्यावर आणि फुलं उमलण्याआधी, फक्त पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

तुमच्या गच्चीत मी असं करीन. मांडवाच्या पूर्वेच्या कडेला सब्ज्याच्या दोन कुंड्या आणि एक मोकळी तुळस, म्हणजे सकाळी ऊन पडताच माशी तिथे येईल आणि पुढे काकडीवर जाईल. कठड्याच्या लांब खोक्यात चवळी आणि कोथिंबीर आलटून पालटून. टोमॅटो ऑगस्टअखेरीला पेरणार असाल तर झेंडूचं बी त्याच्या पंधरा दिवस आधी टाका. मेमध्ये आणि भर पावसाळ्यात फुलांची टंचाई होते. मेसाठी सूर्यफुलाच्या बिया मार्चमध्ये, पावसाळ्यासाठी कॉसमॉसच्या जूनच्या पहिल्या सरीला. सलग पाऊस लागला की माश्या बाहेरच पडत नाहीत आणि परागही भिजतो, तेवढे दिवस हातानेच काम करा. हिवाळ्यात मुळा लावाल तेव्हा सगळा काढू नका, कोपऱ्यातली दोन-तीन रोपं तशीच राहू द्या. जानेवारीत त्यांना पांढरी-जांभळी फुलं येतील, त्यावर माश्यांची रीघ लागेल, आणि फुलं गेली की कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी करा, दाण्याचं कूट घालून.